किनारा धरून जाणाऱ्यांची बाजू

शिडाच्या बोटीवर संसार मांडून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या जोडप्यांविषयी आपल्या लोकांत एक मत चांगलंच रुजलं आहे. जमीन नजरेआड झाल्याशिवाय समुद्र सुरूच होत नाही, असं ते मत. ज्याला दर्याची खरी ओढ आहे तो महासागर ओलांडतो, बाकीचे हौशी. त्यातही कॅटमरानवाले अगदीच हौशी, कारण ती बोट कलत नाही, तिच्यात ओटा आहे, पलंग आहे, म्हणजे तो पाण्यावरचा फ्लॅटच झाला. आणि नवरा-बायको असतील तर ठरलेलंच: नवऱ्याचा छंद, बायकोची फरफट. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत मी हे ऐकलं आहे, पुण्याच्या नातलगांकडून ऐकलं आहे. स्वतः अटलांटिक ओलांडलेल्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे त्यांनी, भर सभेत हेच सांगितलं आणि त्यावर टाळ्या पडल्या.

हे मत चूक आहे. शिवाय ते घातक आहे, म्हणून त्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. किनारा म्हणजे सोपा आणि सुरक्षित, असं एकदा नवशिक्याच्या मनात बसलं की तो भरती-ओहोटीचं कोष्टक न बघता निघतो, अंधारात अनोळखी खाडीत शिरतो, वारा जमिनीकडे ढकलत असताना नांगर टाकून झोपतो. या चुका जिवावर बेततात, आणि त्या करायला माणसाला महासागरात जावं लागत नाही.

आमची बोट मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागरात असते. ३४ फुटांची, १४ फूट रुंद कॅटमरान. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारा मधला पूल, आणि त्या पुलावर बसण्याची जागा. पात्यासारखे दोन पडदे पाण्यात सोडले की ती वाऱ्यावर चढते, वर ओढून घेतले की दीड फूट पाण्यातही तरंगते. शरद ऋतूत आम्ही दक्षिणेकडे निघतो आणि वसंतात परततो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम. त्या काळात बोट ठरावीक अक्षांशाच्या वर ठेवा, असं विमा कंपन्या लिहून घेतात, त्यामुळे निघण्याची तारीख आमच्या मर्जीवर नसते. वाट आहे ती अटलांटिक किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या अंतर्गत जलमार्गाची. नद्या, खाड्या, उथळ सरोवरं आणि खणलेले कालवे जोडून केलेला हा रस्ता व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैलावर सुरू होतो आणि मायामीपर्यंत सुमारे १,०९० मैल भरतो. सैन्याचं अभियंता दल त्याची देखभाल करतं. बहुतेक भागात १२ फूट खोली राखायची असं कागदावर आहे, पण गाळाला कागद वाचता येत नाही. एका वादळानंतर जिथे १२ फूट होते तिथे ५ उरतात.

आता अवघडपणाचं बघू. भर महासागरात बोटीखाली तीन-चार हजार मीटर पाणी असतं. आपटायला काही नसतं. वादळ आलंच तर शिडं उतरवून, बोट वाऱ्याच्या कलाने सोडून ते सरेपर्यंत थांबता येतं, कारण वाहत जायला शेकडो मैल मोकळे असतात. तिथली कसोटी सहनशक्तीची, एकटेपणाची आणि बोटीच्या टिकाऊपणाची. ती मोठी आहे आणि मी ती नाकारत नाही. किनाऱ्यालगत मात्र वाहत जायला जागाच नसते. इंजिन बंद पडलं, शीड अडकलं, आणि वारा जमिनीकडे ढकलत असला तर विचार करायला वीस मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाहीत. वादळाच्या सूचनेनंतर मोठी जहाजं बंदराच्या तोंडाशी घोटाळत न राहता खोल पाणी गाठतात, ते याचसाठी.

महासागरवाल्यांचं आद्यदैवत म्हणजे जोशुआ स्लोकम. १८९५ ते १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याचं 'अ‍ॅक्विडनेक' हे जहाज १८८७ साली गेलं ते ब्राझीलमधल्या पारानाग्वाच्या उपसागरात, वाळूच्या दांड्यावर. प्रदक्षिणेवर निघालेली 'स्प्रे' रुतली ती १८९५ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्यावर. तिला ओढून काढायला छोट्या होडीतून नांगर लांब नेताना ती होडी उलटली आणि पोहता न येणारा स्लोकम बुडता बुडता वाचला. त्याचं नाव महासागरामुळे झालं, पण त्याच्या बोटींना धरलं ते किनाऱ्याने. इतक्या तयारीच्या माणसाची ही गत, तर किनाऱ्याला 'बालवर्ग' म्हणणाऱ्यांनी जरा थांबून बोलावं.

जॉर्जिया राज्यातली एक रात्र घ्या, कुठलीही. तिथला किनारा म्हणजे मैलोन्‌मैल गवताळ दलदल, डोंगर नाही, झाडही लांब कुठेतरी. भरती-ओहोटीत ७ ते ९ फुटांचा फरक. मुंबईच्या उधाणाच्या भरतीची सवय असलेल्याला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण इथे तो आपल्या झोपेखाली घडतो. संध्याकाळी ओहोटी संपताना ८ फूट पाण्यात नांगर टाकला. मध्यरात्री त्याच जागी १६ फूट होणार. बोटीची नाळ पाण्यापासून ४ फूट वर, म्हणजे झाले २०. वाऱ्याचा जोर राहणार असेल तर या उंचीच्या सातपट दोर सोडायचा: १४० फूट. समोर दिसणाऱ्या पाण्यावर हिशेब केला असता तर ८४ फूट निघाले असते, आणि भरतीच्या ऐन भरात नांगर चिखलातून उपटला गेला असता. १४० फूट सोडायचे म्हणजे तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात दुसरी बोट नको, खेकड्याच्या सापळ्याची दोरी नको, चिखलाची जीभ नको. वर ओहोटीला कुठे किती पाणी उरेल याचाही अंदाज हवा. मग दोन्ही होड्यांच्या नाळांपासून एक-एक दोर नांगराच्या साखळीला बांधायचा, म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा पडतो आणि बोट कमी डोलते. हे सगळं नीट झालं तरी सहा तासांनी पाणी उलटतं. दोन-तीन नॉटचा प्रवाह एका दिशेला, वारा दुसऱ्या, आणि बोट दोघांच्या मध्ये आडवी. साखळी मधल्या पुलाखाली जाते, दोर घासायला लागतो. तो आवाज उशीत ऐकू येतो. उठायचं, टॉर्च घेऊन पुढे जायचं, दोराला फडकं गुंडाळायचं, दोन खुणा धरून नांगर सरकलेला नाही ना ते बघायचं, आणि पुन्हा झोपायचं. हे करणाऱ्याला समुद्र कळत नाही असं म्हणणारा माणूस अशा खाडीत रात्रभर राहिलेला नाही.

खुणांचंही तेच. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उजव्या. या जलमार्गावर दक्षिणेकडे जाताना लाल उजवीकडेच असते, पण जिथे समुद्राकडून एखाद्या बंदरात जाणारी वाट येऊन मिळते तिथे खुणा त्या बंदराच्या हिशेबाने उलटतात. लाल-हिरव्यावर तिथे जाऊ नये. खुणेवरचा पिवळा त्रिकोण शोधायचा आणि तो उजवीकडे ठेवायचा, मग तो हिरव्या खुणेवर का असेना. समोरून मालवाहू तराफा येत असताना, प्रवाह तिरका ढकलत असताना, हे पाच सेकंदांत करायचं असतं.

आणि बाहेरचा समुद्र आम्हाला माहीतच नाही असंही नाही. हवामान चांगलं असलं की एका खाडीच्या तोंडातून बाहेर पडून दुसऱ्या खाडीत शिरतो. पण उत्तर कॅरोलिनातल्या हॅटेरास भूशिरापाशी आम्ही आतूनच जातो. तिथे उत्तरेकडून येणारं थंड पाणी आणि दक्षिणेकडून येणारा उष्ण गल्फ प्रवाह भेटतात, वाळूचे दांडे समुद्रात लांबवर गेले आहेत, आणि उत्तरेचा वारा प्रवाहाच्या विरुद्ध वाहायला लागला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्या पट्ट्याला अटलांटिकचं स्मशान म्हणतात. यादवी युद्धातली 'मॉनिटर' ही चिलखती युद्धनौका १८६२ च्या ३१ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथेच बुडाली. आतली वाट म्हणजे आल्बमार्लचं उथळ, पसरट पाणी. उथळ असल्यामुळे तिथे २० नॉटच्या वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि मधल्या पुलाच्या तळावर खालून असे दणके बसतात की दात वाजतात. म्हणून एखाद्या कालव्याच्या तोंडाशी आम्ही वारा पडेपर्यंत थांबतो. या थांबण्यालाच आमचे टीकाकार भित्रेपणा म्हणतात. कोकणातला नाखवा परंपरेने नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटत नाही. त्याला कोणी भित्रा म्हणतं का? निघायचं नाही, हे ठरवता येणं हा या विद्येचा अर्धा भाग आहे. महासागरात एकदा गेलं की हा निर्णय पुन्हा घ्यावा लागत नाही. किनाऱ्यावर तो रोज सकाळी घ्यावा लागतो.

कॅटमरान कलत नाही म्हणून ती सोपी, या म्हणण्याला तर शिडाची प्राथमिक माहिती असलेल्याने भुलू नये. एकाच अंगाची बोट वारा वाढला की कलते, कलली की वारा शिडावरून ओसंडतो, आणि ताण आपोआप कमी होतो. ती बोट आपल्या पायांना सांगते की आता शीड कमी करा. कॅटमरान सांगत नाही. ती सरळ उभी राहते आणि सगळा भार डोलकाठीवर, तारांवर, शिडावर घेत राहते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचे २१ झाले की तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि ओट्यावरच्या पेल्यातला चहा तेवढाच शांत असतो. म्हणून कॅटमरानवर शीड अंगाला वाटतं त्यावर कमी करायचं नसतं, वाऱ्याच्या आकड्यावर करायचं असतं, तेही आकडा गाठायच्या आधी. एकाच अंगाच्या बोटीला खाली वजनदार कणा असतो, त्यामुळे ती उलटली तरी बहुधा पुन्हा सुलटी होते. कॅटमरान उलटली की उलटीच राहते. ही शिस्त ज्याला सोपी वाटते त्याने ती एकदा पाळून पाहावी. १९५६ साली जेम्स व्हॅरमने रूथ आणि युट्टा या दोघींबरोबर, स्वतः बांधलेल्या साडेतेवीस फुटी कॅटमरानने, अटलांटिक ओलांडला तेव्हा जाणत्या लोकांनी असल्या बोटींना वेडेपणा ठरवलं होतं. तेव्हा त्या फार धोकादायक होत्या. आज त्याच जातीची बोट टीकाकारांना फार आरामशीर वाटते. दोन्ही वेळी बोट नीट बघितली गेलेली नाही.

मराठी माणसाने तर उथळ तळाच्या बोटीला हसूच नये. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर मराठ्यांची तटबंदी चालू होती. इंग्रज आणि सिद्दी यांची मोठी जहाजं बेटाभोवती पहारा देत होती, आणि तरी रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, लहान मराठी होड्या रसद पोचवत राहिल्या. मोठ्या गलबतांना जिथे शिरता येत नव्हतं तिथे त्या शिरत होत्या. पुढे कान्होजींच्या गुराबांनीही हेच पाणी वापरलं. आपलं आरमार खाड्यांचं आणि किनाऱ्याचं होतं. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, कुठल्या खाडीच्या तोंडाशी कोणत्या तिथीला किती पाणी असतं ते तोंडपाठ ठेवायचं, हे त्यांचं शास्त्र. मालवण-रत्नागिरीकडच्या होडीला बाजूला उलांडी बांधतात, तीही होडीला आडवा आधार देऊन ती स्थिर ठेवण्याचीच युक्ती. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये केलेली प्रदक्षिणा, अभिलाष टॉमी यांची न थांबता केलेली प्रदक्षिणा, २०२४-२५ मध्ये 'तारिणी'वर दिलना आणि रूपा या नौदल अधिकाऱ्यांनी मिळून केलेली प्रदक्षिणा, या सगळ्यांचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या मोठेपणासाठी शेकडो वर्षांच्या तांडेलांना दुय्यम ठरवायची काही गरज नाही.

बायकोच्या फरफटीविषयी मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तो आरोप सहानुभूतीचा वेष घेऊन येतो. "तुझं कौतुक आहे हं, त्याच्यासाठी किती करतेस," असं मला सांगितलं जातं. मी त्याच्यासाठी काही करत नाही. नांगर टाकताना सुकाणूवर मी असते, नाळेवर तो, कारण साखळी ओढायला ज्याच्या दंडात जोर आहे त्याने पुढे जावं आणि वाऱ्याचा अंदाज जिला नेमका येतो तिने चक्र धरावं. बहुतेक बंदरांत याच्या उलट दिसतं: नवरा चक्र धरून ओरडतोय, बायको पुढे जड नांगराशी झगडतेय. ती पद्धत वाईट आहे आणि ती मोडायला हवी. आम्ही ओरडत नाही, हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. मूठ म्हणजे थांब, तळवा खाली म्हणजे वेग कमी, बोट ज्या दिशेला त्या दिशेला वळ. शिवाय दोघांना दोन्ही कामं आलीच पाहिजेत. दोघांच्याच बोटीवर एक पाण्यात पडला तर उरलेल्या एकाने शीड उतरवायचं, बोट वळवायची, पडलेल्याकडे नजर ठेवायची, रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर हाक द्यायची आणि त्याला वर घ्यायचं. बायकोला "तू फक्त स्वयंपाक बघ" म्हणणारा नवरा स्वतःच्या जिवाशी खेळत असतो.

स्लोकमचीच गोष्ट पुन्हा घ्यावी लागते. ब्राझीलमध्ये जहाज गेल्यावर त्याने ३५ फुटी 'लिबर्दादे' बांधली. तिची शिडं शिवली ती त्याची बायको हेटी हिने. १८८८ साली ती आणि मुलं त्याच्याबरोबर त्या छोट्या बोटीतून हजारो मैल येऊन दक्षिण कॅरोलिनाला लागली, आणि तिथून आतल्या पाण्याने, आमच्याच वाटेने, वॉशिंग्टनला पोचली. पृथ्वीप्रदक्षिणेवर मात्र स्लोकम एकटाच गेला. इतिहासाने प्रदक्षिणा लक्षात ठेवली आणि शिडं शिवणारीला तळटीप केलं. महासागराच्या पराक्रमकथा बहुतेक एकट्या माणसाच्या असतात, म्हणून त्या सांगायला सोप्या. जोडप्याच्या प्रवासात नायक कोण हे सांगता येत नाही, आणि ते तसंच असावं.

खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे. बोट पैसा खाते आणि हे सगळ्यांना परवडणारं नाही. आम्ही घर विकलं, बोट जुनी घेतली, तिची कामं स्वतः शिकलो. तरीही ही सोय आमच्या वाट्याला आली हे खरंच आहे. पण महासागर ओलांडणाऱ्यांच्या बोटीही फुकट येत नाहीत, आणि त्यांना कोणी चैनीखोर म्हणत नाही.

पळपुटेपणाचा आरोप मात्र मला मान्य नाही. जगापासून पळायचं असेल त्याने जरूर महासागरात जावं, तिथे आठवडेच्या आठवडे कोणी दिसत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्याला दर दिवसाआड कोणाला तरी सामोरं जावं लागतं. पूल उघडणाऱ्याला रेडिओवर विनंती करायची, चेसापीकच्या खेकडेवाल्याच्या सापळ्यांच्या तरंगत्या खुणा चुकवत त्याचा राग ओढवून न घेता जायचं, धक्क्यावरच्या अनोळखी माणसाचा दोर झेलायचा. आणि पाण्याचा इतिहास वाचायचा. नॉरफोकच्या दक्षिणेला डिस्मल स्वॅम्प नावाच्या दलदलीतून एक अरुंद कालवा जातो, १८०५ साली खुला झालेला. तो गुलामांनी हातांनी खणला. त्याच दलदलीत पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिले. चहाच्या रंगाच्या त्या पाण्यातून, दोन्ही बाजूंच्या झाडांखालून चालण्याच्या वेगाने जाताना ही गोष्ट डोक्यातून जात नाही. जॉर्जियाच्या सापेलो बेटावर तिथल्या गुलामांचे वंशज, गल्ला-गीची लोक, आजही आपली वस्ती टिकवायला झगडत आहेत. अटलांटिक ओलांडणारी बोट या सगळ्यापासून शंभर मैलांवरून निघून जाते. मला तिथून जायचं नाही.

राहिला तो नेहमीचा सवाल: "मग एकदा तरी ओलांडून दाखवा ना." नाही, दाखवणार नाही. आमच्या जातीच्या बोटी घेऊन लोक अटलांटिकपार गेलेले आहेत, ते अशक्य नाही. पण किनाऱ्याचं शिकणं ही महासागराची पूर्वतयारी आहे आणि ती संपवून पुढच्या वर्गात जायचं असतं, हेच मुळात मला मान्य नाही. त्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी महासागर ओलांडलेल्या पाहुण्याच्या शेजारी हर्णैचा किंवा देवगडचा एखादा तांडेल बसवा आणि दोघांना विचारा: रात्र झाली आहे, ओहोटी लागली आहे, वारा जमिनीकडे ढकलतो आहे, समोर अनोळखी खाडीचं तोंड आहे, शिरायचं का? माझं उत्तर मी आत्ताच देते. शिरायचं नाही. बाहेर खोल पाण्यात जायचं, शीड कमी करायचं, पाळीपाळीने जागायचं आणि भरती लागून उजाडलं की यायचं. माझी खात्री आहे, तांडेल हेच सांगेल, आणि तो पाहुणाही.